हरिश्चंद्रगडावर मुक्काम: तंबू कड्यावर नको, देवळाकडे

कोकणकड्याचा सूर्यास्त बघायचा आणि तिथेच तंबू ठोकायचा, हा बहुतेकांचा बेत. सूर्यास्ताला दहापैकी दहा, मुक्कामाला फार तर चार. कड्यालगत मातीचा थर पातळ, खाली कातळ. खुंटी चार बोटं आत जाते आणि अडते. दरीतून वर चढणारा वारा रात्री वाढला की तंबू एका बाजूने उचलला जातो. शिवाय पाणी तिथे नाही, ते देवळाकडूनच वाहून आणायचं.

ज्यांनी इथे वर्षानुवर्षं काढली त्यांनी जागा निवडली ती हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाभोवतीच्या खोलगट भागात. मंगळगंगेचा उगम इथलाच. गुहा कोरल्या त्याही पाण्याच्या टाक्या हाताशी ठेवून. चांगदेवांनी इथेच तप केलं आणि शके 1234 मध्ये, म्हणजे 1312 साली, 'तत्त्वसार' लिहिलं. पुढे गड मोगलांकडे, 1747 मध्ये मराठ्यांकडे. किल्ला म्हणून बांधकाम बेताचंच, मठ म्हणून सोय मात्र चोख. आजही मुक्कामाला हाच भाग सरस.

तारामती शिखराच्या पायथ्याच्या गुहांत, गणेशगुहेच्या आसपास, हिवाळ्यात मॅट आणि जाड स्लीपिंग बॅग पुरते. पावसाळ्यात छत ठिबकतं, जमीन ओली राहते, म्हणून मॅटखाली प्लास्टिकचा कागद हवाच. शनिवारी दुपारी चारनंतर पोचलात तर कोरडा कोपरा मिळणं कठीण. तंबूत झोपणार असाल तर वरचं कापड आतल्याला टेकू देऊ नका. टेकलं की पहाटेचं दव थेट अंथरुणात.

टाक्यांतलं पाणी गाळून, उकळून प्या. सप्ततीर्थात, म्हणजे देवळाजवळच्या पुष्करणीत, भांडी, साबण नको. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं गार पाणी असतं, चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. प्रदक्षिणा घालायची तर तळ निसरडा आहे हे लक्षात ठेवा.

पायथ्याच्या पाचनई गावातून येणारी वाट सोपी, दोन ते अडीच तास. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चार-पाच तास लागतात, पाणीही जास्त लागतं, माणशी तीन लिटर. नळीच्या वाटेला, म्हणजे कड्याच्या अरुंद घळीतून चढणाऱ्या वाटेला, जाणकार आणि दोर असल्याशिवाय हात घालू नये.

जेवण गावकऱ्यांकडे: पिठलं, भाकरी, ठेचा. चव उत्तम, पण भाकऱ्या सांगितल्यावर थापतात, तेव्हा पोचल्या पोचल्या माणसं मोजून सांगा. तंबूही भाड्याने मिळतात. घेण्याआधी चेन ओढून बघा, बिघडते ती नेमकी तीच. हा अभयारण्याचा भाग असल्याने शेकोटीला मनाई आहे, आणि तंबू कुठे लावता येतील हे पायथ्याच्या वनखात्याच्या चौकीवरच विचारून घ्यावं.