जुन्या बुलेटची ऑइलगळती: वरची पॅकिंग बदलावीत की इंजिन उतरवावे?

कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट घरी आणली की पहिल्याच आठवड्यात पार्किंगच्या फरशीवर काळा डाग उमटतो आणि मालकापुढे दोन वाटा उभ्या राहतात. इंजिन चेसिसमध्येच ठेवून, हात पोहोचेल तेवढी पॅकिंग, वॉशर आणि सील बदलायची, ही पहिली. इंजिन उतरवून, केसिंग म्हणजे इंजिनाचे खालचे, दोन भागांचे कवच उघडून ते पुन्हा बांधून घ्यायचे, ही दुसरी. दोन्हींच्या खर्चात आणि वेळेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या अनुभवात बहुसंख्य गाड्यांचे काम पहिल्या वाटेवरच भागते, मात्र गळती नेमकी कोठून आणि कशामुळे होते हे आधी शोधले असेल तरच.

ऑइल जिथे टपकते तिथेच ते गळत असते असे नाही. शिवाय या गाडीत इंजिन, क्लचच्या बाजूचे चेनकेस आणि गिअरबॉक्स यांचे ऑइल वेगवेगळे असते, त्यामुळे खाली पडलेला थेंब नक्की कशाचा हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. इंजिन रॉकेलने धुऊन कोरडे करावे, सगळ्या सांध्यांवर खडूची पूड पसरावी, स्वारगेटहून कात्रजचा घाट चढून यावे आणि इंजिन तापलेले असतानाच विजेरी घेऊन पाहावे. माझ्या गाडीच्या बाबतीत सर्वांनी टॅपेट कव्हरकडे, म्हणजे ब्लॉकच्या खालच्या बाजूच्या लहान झाकणाकडे, बोट दाखवले होते. पुडीवर मात्र एक बारीक ओली रेघ वर, रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तरफेला) ऑइल नेणाऱ्या नळीच्या पोकळ बोल्टापासून निघालेली दिसली. ती ब्लॉकच्या पंखांवरून उतरत टॅपेट कव्हरच्या कडेला येऊन थांबत होती. तांब्याचे जुने वॉशर काढून नवे घातले आणि ती बाजू कोरडी झाली. टॅपेट कव्हरचे पॅकिंग तोवर दोनदा विनाकारण बदलून झाले होते.

दुसरी तपासणी ब्रीदरची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच. ३४६ सीसीचा एकच पिस्टन ९० मिलिमीटर खाली येतो तेव्हा केसिंगमधली हवा दाबली जाते आणि तिला ब्रीदरच्या वाटेने बाहेर पडावे लागते. ब्रीदरचा रबरी व्हॉल्व्ह कडक झाला किंवा नळी चिखलाने तुंबली की तो दाब प्रत्येक सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला कितीही चांगले पॅकिंग घातले तरी ते महिनाभरात पुन्हा ओले होते. ऑइलची पातळीही याच वेळी बघावी. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीतले ऑइल केसिंगमधल्या ऑइल टाकीच्या भागातून क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) बाजूला उतरते, पातळी मोजायची दांडी कमी ऑइल दाखवते, मालक वरून ऑइल ओततो आणि इंजिन सुरू झाल्यावर जादा झालेले ऑइल बाहेर फेकले जाते. म्हणून पातळी इंजिन चालवून गरम केल्यावर, थोडे थांबून मोजावी.

ब्रीदर आणि पातळी ठीक असूनही रॉकर कव्हर, टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर किंवा चेनकेस गळत असेल, तर पहिली वाट योग्य आहे. नाना पेठेत पॅकिंगचा संच काही शे रुपयांत मिळतो आणि ओळखीचा मेकॅनिक एक-दोन दिवसांत काम करून देतो. पॅकिंग घेताना कागद सगळीकडे सारख्या जाडीचा आहे ना, हे बोटांनी चाचपून पाहावे. कव्हरचा सांधा काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासला तर कोठे वाकला आहे ते लगेच कळते. जास्त वाकला असेल तर भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग करून घ्यावे. चेनकेसचे कव्हर मधल्या एकाच नटावर बसते. गळती थांबावी म्हणून तो नट जोर लावून आवळणारे बरेच भेटतात, पण त्याने कव्हर वाकते आणि गळती वाढते. तिथे रबर नवे घालणे हाच उपाय आहे.

पॅकिंगऐवजी सांध्याला लावायच्या सिलिकॉन पेस्टला मी पर्याय मानत नाही. एका गॅरेजमध्ये माझ्या टायमिंग कव्हरला त्याचा जाड थर दिला गेला होता. कव्हर उघडले तेव्हा आतल्या कडेने शेवयांसारखे धागे लोंबत होते आणि त्यातला एक सुटून ऑइलच्या बारीक वाटेच्या तोंडाशी आला होता. तो आत गेला असता तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग कोरडे पडले असते.

इंजिन उतरवण्याचा निर्णय काही ठरावीक लक्षणांवरच घ्यावा. केसिंगच्या दोन भागांमधल्या सांध्यातून ऑइल येत असेल, किंवा चेनकेसमधले ऑइल आपोआप वाढत असेल आणि क्रँकला हाताला जाणवेल इतका खेळ असेल, तर बाहेरून केलेले काम टिकणार नाही, कारण बेअरिंग झिजले असताना नवे सीलही लवकरच जाते. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल आणि किकला दाब लागत नसेल, तर पिस्टनच्या रिंगांमधून सुटणारा वायूच केसिंगमधला दाब वाढवत असतो. अशा वेळी बोअर-पिस्टनचे काम करणेच भाग आहे. हा खर्च हजारांत जातो आणि गाडी काही आठवडे बंद राहते, म्हणून पावसाळा त्यासाठी सोयीचा. मेकॅनिकने सांधा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये, हे आधीच स्पष्ट सांगावे. ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा नवी गळती सुरू करायला पुरेसा असतो. केसिंग खराब निघाले तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून दुसरे आणण्याचा सल्ला मिळेल. पण केसिंगवरच इंजिन नंबर असतो आणि तो नोंदणीच्या कागदांशी जुळला नाही तर आरटीओत अडचण होते. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर मूळ केसिंगच वेल्डिंग करून वाचवावे.

लक्षणे स्पष्ट नसतील तर पहिली वाट धरावी, सुमारे ५०० किलोमीटर गाडी चालवावी, थंड इंजिनावर सगळे नट एकदा तपासावेत आणि खडूची पूड पुन्हा पसरावी. वरचे सगळे कोरडे राहून फक्त केसिंगचा सांधा ओला दिसला, तरच इंजिन खाली उतरवायला सांगावे.