तळाशी बसलेला पांढरा थर

फायबरग्लासच्या मॉडेल विमानात फॉर्मर (आतल्या आडव्या आधारपट्ट्या) आणि सर्व्हो ट्रे (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरची बैठक) बसवण्यासाठी जे इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून बनणारा गोंद, शोधत आहेत, त्यांनी पैसे देण्यापूर्वी माझा अनुभव वाचावा, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात मी एका ग्लायडरचे काम काढले होते. त्याचा फ्यूजलाज, म्हणजे धड, आतून इतका अरुंद, की लांब काडीच्या टोकाने इपॉक्सी आत पोहोचवावे लागते. तिथे पाच मिनिटांत जमणारे इपॉक्सी कामाचे नाही, आणि सायनोॲक्रिलेट हा झटपट गोंद ठिसूळ असल्याने उतरतानाच्या दणक्यांनी सुटते. एका विक्रेत्याने ‘विमान उद्योगातले, आयात केलेले’ म्हणून हळू जमणारे इपॉक्सी देऊ केले आणि मी यूपीआयने 1,800 रुपये आगाऊ भरले.

बाटल्यांवर आयातदाराचे नाव, पत्ता, महिना, वर्ष काहीच नव्हते. वेष्टित मालावर हा तपशील छापणे 2011च्या वैधमापनशास्त्र नियमांनुसार बंधनकारक आहे, हे मला ठाऊक असूनही मी दुर्लक्ष केले. रेझिनच्या तळाशी बोटभर जाडीचा पांढरा थर होता. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “सर, थंडीने रेझिन गोठतं. गरम पाण्यात ठेवा, निवळेल.” खरी फसगत इथे झाली, कारण हे विधान मुळात खोटे नाही: शुद्ध इपॉक्सी रेझिनमध्ये थंडीत स्फटिक धरतात आणि पन्नास-साठ अंशांच्या पाण्यात बाटली ठेवली की ते विरघळून रेझिन पुन्हा पारदर्शक होते. माझे रेझिन मात्र पातळ झाले, ढवळल्यावर एकजीवही दिसले, पण दुधाळच राहिले. तरीही मी ते वापरले.

बाकी काम मी नीट केले होते. आतला पृष्ठभाग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, ॲसिटोनने पुसला, रेझिन व हार्डनर लेबलवरच्या प्रमाणात काट्यावर मोजले. दुसऱ्या दिवशी नखाची खूण उमटत नव्हती. एप्रिलमध्ये विमान दुपारभर उन्हातल्या गाडीत राहिले, आणि संध्याकाळच्या पहिल्याच उड्डाणात तिसऱ्या वळणावर ते नाक खाली करून जमिनीत गेले. उघडून पाहिले तर एलेव्हेटरच्या (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीच्या) सर्व्होचा ट्रे मोकळा झाला होता. त्याच्या कडेचे इपॉक्सी नखाने दाबले, तर खूण स्पष्ट उमटली.

उरलेल्या बाटलीत तोवर पुन्हा थर बसला होता. तो थर वाटीत काढून ॲसिटोनने तीन-चार वेळा धुतला, तेव्हा खाली पांढरी पूड राहिली. ती वाळवून वर व्हिनेगर टाकताच बुडबुडे आले. म्हणजे ती खडूची भुकटी होती. भरणी घालण्यात स्वतःहून गैर काही नाही, आपणही जोड भरण्यासाठी कापसाचा चुरा किंवा सिलिका मिसळतो. पण आपण ती मोजमाप झाल्यावर घालतो. इथे रेझिनच्या वजनात खडू धरला गेला, त्यामुळे खरे रेझिन कमी आणि हार्डनर जास्त पडला, आणि असे मिश्रण वरून कडक दिसले तरी उष्णतेत मऊ पडते.

विक्रेत्याने माझा नंबर ब्लॉक केला आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे आणि बाटल्या, पावती, तुटलेला ट्रे जपून ठेवला आहे. तुमच्याकडे असे रेझिन आले असेल, तर गरम पाण्यातून काढल्यावर ते पारदर्शक होते का, हे आधी पाहा. नाही झाले, तर विमानात घालू नका. पारदर्शक झाले, तरी प्लायवुडची पट्टी फायबरग्लासच्या तुकड्यावर चिकटवून, पूर्ण जमल्यावर ती साठ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि गरम असतानाच ओढून सोडवून पाहा.

नवा ट्रे मी साध्या, हळू जमणाऱ्या अराल्डाइटने बसवला आहे. त्याच मिश्रणाची नमुना पट्टी काल गरम पाण्यातून काढून ओढली, तेव्हा प्लायवुडचा वरचा पापुद्रा फाटला. जोड सुटला नाही.