लेन्स पेन : आठ महिने आणि एक टोपण

लेन्स पेनचं टोपण शिवडीच्या चिखलात गेलं, म्हणून हा रिव्ह्यू लिहायला बसले. मे महिन्यातली गोष्ट. जेट्टीवर भरतीची वाट बघत उभी होते, फ्लेमिंगो अजून लांब होते. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सच्या समोरच्या काचेवर बोटाचा ठसा दिसला. लेन्स पुसायचं हे पेन काढलं, टोपण दातात धरलं. शेजारचे काका ओरडले, "आले, आले!" आणि मीही "कुठे?" म्हटलं. टोपण कठड्यावर टपकन आपटून खाली गेलं.

साधं टोपण असतं तर विसरून गेले असते. पण याच्या पोटात कार्बनची पूड असते. उघडायच्या आधी अर्धा फेरा फिरवला की पेनाच्या टोकाच्या, काच पुसायच्या गादीला नवी पूड लागते. म्हणजे टोपण गेलं की उरतो तो फक्त सरकता ब्रश. आणि एवढ्या महत्त्वाच्या वस्तूला ना साखळी, ना दोरी अडकवायला भोक. साडेचारशे रुपयांच्या पेनाला दहा पैशांचं भोक पाडता आलं नाही यांना?

कस्टमर केअरला फोन केला.
"मॅडम, कॅप स्पेअरमध्ये येत नाही."
"मग काय करू?"
"मॅडम, नवीन पेन घेऊ शकता."
तीन फोन, दोन मेल, उत्तर तेच. शेवटी मुलीच्या वाळलेल्या स्केचपेनचं टोपण चिकटपट्टी गुंडाळून बसवलं. धूळ अडते, पूड काही मिळत नाही.

इथपर्यंत जूनमध्येच लिहून ठेवलं होतं, एक स्टारसकट. आता जुलै सरत आलाय आणि थोडं मागे घ्यावं लागतंय.

४.५ मीटरच्या वरची भरती होती, म्हणून मुलुंडहून एसी लोकलने सीएसएमटी आणि तिथून मरीन ड्राइव्ह. गाडीतून उतरल्या उतरल्या बॅग उघडली आणि गार लेन्सवर धुकं धरलं. ते पुसायचं नसतं. झाकण लावून बॅगेत वीस मिनिटं ठेवा, आपोआप जातं. लाटांचे तुषार मात्र आपोआप जात नाहीत. चर्चगेटला चहा घेईपर्यंत काचेवर मिठाचे बारीक पांढरे ठिपके वाळले होते. मी सरळ पेन फिरवलं. ठिपके गेले नाहीत, दुधाळ पट्टा तेवढा उमटला. पेनाला भरपूर शिव्या घातल्या.

चूक माझीच होती. ही गादी बोटाच्या तेलकट डागासाठी, आणि कोरडी वापरायची. मीठ आधी पाण्यात विरघळायला हवं, नाहीतर आपण तेच खडे काचेवरच्या पातळ थरावर, म्हणजे कोटिंगवर, घासत बसतो. पट्ट्याच्या कडेला केसाएवढी एक रेघ आहे. उजेडात तिरकी धरली तरच दिसते, पण मला रोज दिसते. आता बॅगेत पेट्रोल पंपावरून आणलेल्या बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरची छोटी बाटली असते. दोन थेंब फडक्यावर घ्यायचे, काचेवर कधीच नाही, कारण कडेच्या रिंगमधून पाणी आत उतरतं. हलक्या हाताने टिपून घ्यायचं, सुकू द्यायचं, मग पेन.

पण त्याही आधी फुंकणी, म्हणजे ब्लोअर. काटकसर म्हणून मी आधी मेडिकलमधून एनिमाचा रबरी बल्ब आणला होता. पहिल्याच फुंकरीला आतली पावडर भस्मासारखी लेन्सभर! आता मागच्या बाजूने हवा घेणारा, व्हॉल्व्हवाला ब्लोअर आहे. बिनव्हॉल्व्हचा पुढूनच हवा ओढतो, उडवलेली धूळ पोटात घेऊन पुन्हा आपल्याच काचेवर टाकतो. तोंडाने फुंकलंत तर थुंकीचे कण उडतात, ते वेगळंच.

तर एकाचे तीन स्टार करते. कोरड्या दिवशी, ठशांवर, हे पेन अजूनही फडक्यापेक्षा सरस आहे. दोन स्टार टोपणाचे कापले, ते कापलेलेच राहतील.

परवा सेलमध्ये ३८० ला दुसरं घेतलं. खोक्यातून काढल्यावर आधी सुई तापवून टोपणाच्या क्लिपला भोक पाडलं आणि करगोट्याचा काळा दोरा ओवला. वॉरंटी गेली असेल. जाऊ दे, फोन उचलून ते तसंही "नवीन पेन घ्या" एवढंच सांगणार.