कार्बन नॅनोट्यूब पावडर (मल्टिवॉल), 1 किलो: पाचपैकी साडेतीन स्टार

भोसरीत आमचं इपॉक्सी फ्लोअरिंगचं छोटं युनिट आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना अँटीस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साचू न देणारं फ्लोअर लागतं, त्यातून वीज वाहावी म्हणून आजवर कार्बन ब्लॅक (काजळीसारखी पावडर) घालायचो पण तो इतका ओतावा लागतो की रेझिनचा पार चिखल होतो, म्हणून यावेळी नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या एकात एक बसलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांची पावडर, मागवून बघितली. एक किलो म्हणजे पुडा येईल वाटलं, आली बादलीभर पिशवी!

माल फ्लुइडाइज्ड बेडचा आहे. म्हणजे उभ्या नळीत लोखंड-ॲल्युमिनाचा कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया घडवणारी पावडर), सातशे डिग्रीच्या आसपास तापमान, खालून इथिलीनसारखा गॅस सोडायचा, त्या जोरावर पावडर खिचडीसारखी रटरटत राहते आणि दाण्यादाण्यावर नळ्या उगवतात. टनावारी माल निघतो तो यामुळेच. पण नळ्या सुट्या कुठल्या, चार दिवस न विंचरलेल्या केसांचा गुंता नुसता.

तिथेच मी फसलो. साध्या स्टररवर तासभर फिरवलं, हेगमन गेजवर (गुठळ्या राहिल्यात का ते दाखवणारी खाचेची पट्टी) ओढलं तर वरपासून खालपर्यंत ओरखडेच ओरखडे, आणि वीज वाहते का ते बघायचा मीटर हलायला तयार नाही. मालाला शिव्या घालून झाल्या. मग ओळखीच्या शाईवाल्याकडे थ्री रोल मिलवर (तीन रोलरमध्ये दाबून दळणारं मशीन) चार पास दिले आणि अर्धा टक्का पावडरीतच रोधाचं रीडिंग मेगाओहमच्या घरात आलं, म्हणजे अँटीस्टॅटिकला हवं तेवढं! ब्लॅक याच कामाला दहा टक्क्यांच्या वर जायचा. चूक माझी, पण 'साध्या स्टररने सुटत नाही' अशी पिशवीवर एक ओळ लिहायला काय जातं यांचं?

स्टार कापले ते शुद्धतेसाठी. कागदावर 95 टक्के. मी एक ग्रॅम भट्टीत 800 डिग्रीला जाळला, काळं सगळं उडून गेलं आणि खाली तांबूस राख, वजन 80 मिलिग्रॅम. म्हणजे कॅटॅलिस्ट नीट धुतलाच नाहीये. फ्लोअरला चालून जातं, बॅटरीवाल्यांनी मात्र लांबच राहावं, लोखंड तिथे नडतं. विचारलं तर सप्लायर म्हणे 'लॉट टू लॉट फरक असतो'. बरं.

बाकी धंदा म्हणून गंमतच आहे हा. बायर या जर्मन केमिकल कंपनीने 2010 मध्ये जर्मनीत लेव्हरकुझेनला वर्षाला 200 टनांचा प्लांट टाकला आणि 2013 मध्ये गाशा गुंडाळला, गिऱ्हाईकच नव्हतं तेवढं. आता बॅटरीमुळे एलजी केम कोरियात हजार टनांच्या वर गेलंय, तेही फ्लुइडाइज्ड बेडवरच.

आणि हो, पंखा बंद करून पिशवी उघडा, एन 95 लावा. आमच्या पोऱ्याने पंख्याखाली उघडली, दोन दिवस टेबल काळं.

पुढच्या वेळी पावडर नाही, रेझिनमध्ये दळून दिलेला मास्टरबॅच घेणार, महाग पडला तरी.