स्मॉल आरएनएचं टार्गेट सिद्ध करायला जीएफपी घ्यावं की लॅकझेड? दोन्ही वापरून झाल्यावर

इंटाआरएनएने (दोन आरएनए कुठे जुळतील याचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर) छान पेअरिंग दाखवलंय, कदाचित स्मॉल आरएनएचा छोटा पल्स देऊन आरएनए-सीक, म्हणजे सगळ्या एमआरएनएंची मोजणीसुद्धा करून झालंय, आणि आता प्रश्न एवढाच आहे की तुमचा स्मॉल आरएनए (एमआरएनएला चिकटून त्यापासून प्रथिन बनणं कमी-जास्त करणारा छोटा आरएनए) त्या टार्गेट एमआरएनएवर पेशीच्या आत खरंच बसतो का. इथे आलात की रिपोर्टर फ्यूजन करावंच लागतं, म्हणजे टार्गेटच्या सुरुवातीचा तुकडा सहज मोजता येणाऱ्या प्रथिनाच्या जीनला जोडावा लागतो, आणि ई. कोलायवाल्यांसमोर साधारण दोन रस्ते असतात. एक म्हणजे अर्बन आणि फोगेल यांची २००७ ची दोन प्लास्मिडवाली (प्लास्मिड म्हणजे क्रोमोसोमबाहेरचा छोटा गोल डीएनए) जीएफपी सिस्टिम, जीएफपी म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन. दुसरा म्हणजे मँडिन आणि गॉट्समन यांच्या २००९ च्या पेपरमधला, क्रोमोसोमवर बसवलेला पीबॅड-लॅकझेड, म्हणजे अरॅबिनोज साखरेने चालू होणारा पीबॅड प्रमोटर आणि त्याच्यापुढे बीटा-गॅलॅक्टोसिडेज एन्झाइमचं जीन लॅकझेड. मी आधी पहिल्यावर बरेच महिने घालवले, मग दुसऱ्यावर गेलो आणि तिथेच राहिलो. पण तुमचं टार्गेट वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

जीएफपीची जमेची बाजू मोठी आहे आणि ती मान्य करायलाच हवी. फाइव्ह प्राइम यूटीआर (एमआरएनएचा स्टार्टच्या आधीचा भाग) आणि पुढचे काही कोडॉन पीएक्सजी-१० या जीएफपी प्लास्मिडमध्ये क्लोन केले, शेजारी स्मॉल आरएनएचं प्लास्मिड घातलं की प्लेटवरच्या कॉलनी बघूनच अंदाज येतो. प्रमोटर कायम चालू राहणारा असल्यामुळे जे काही खाली-वर होतंय ते ट्रान्सक्रिप्शननंतरचं आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. ऑपरॉनच्या मधलं जीन असेल तर पीएक्सजी-३० तयारच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉम्पेन्सेटरी म्युटेशन. स्मॉल आरएनएच्या सीडमधले (टार्गेटशी जुळणाऱ्या मुख्य भागातले) दोन-तीन बेस बदलले की रेग्युलेशन जायला हवं, टार्गेटमध्ये त्यांना जुळणारे बेस बदलले की परत यायला हवं, आणि हे दाखवल्याशिवाय थेट परिणाम आणि मधल्या कोणामार्फत आलेला परिणाम यातला फरक कोणाला पटवता येत नाही. दोन्ही बाजू प्लास्मिडवर असल्या की हे काम प्रायमर मागवून पीसीआर करण्याइतकं सोपं होतं.

मग अडलं कुठे? बॅकग्राउंडवर.

माझं टार्गेट एक ट्रान्सक्रिप्शन रेग्युलेटर होतं, आणि रेग्युलेटरची प्रथिनं पेशी मुळातच थोडी बनवते, ओएमपीसारखी (पेशीच्या बाहेरच्या पडद्यातली प्रथिनं, पोरिन त्यातलीच) भरभरून नाही. ज्या उदाहरणांवर आपण सगळे हे शास्त्र शिकलो, म्हणजे मिकएफ-ओएमपीएफ, रायबीबी-ओएमपीसी (आधी स्मॉल आरएनए, मग त्याचं टार्गेट), त्यातली टार्गेट सगळी जोरदार ट्रान्सलेट होणारी एमआरएनए आहेत, तिथे जीएफपी झळकतं आणि रिप्रेशन डोळ्यांनाही दिसतं. माझ्या फ्यूजनचा सिग्नल मात्र पेशींच्या स्वतःच्या फ्लुरोसन्सपेक्षा जेमतेम वर होता, त्यामुळे रिकाम्या प्लास्मिडचा आकडा वजा करायचा म्हणजे मोठ्यातून मोठं वजा करून उरलेल्या लहानशा आकड्यावर सगळं उभं करायचं, आणि तो उरलेला आकडा मीडियम बदललं की बदलायचा, स्टेशनरी फेजमध्ये (वाढ थांबल्यावर) तर अजूनच, कारण तिथे पेशींची स्वतःची चमक वाढलेली असायची. एका दिवशी तिप्पट रिप्रेशन, दुसऱ्या दिवशी दीडपट, आणि कुठल्या दिवसावर विश्वास ठेवायचा हे कळायला मार्गच नाही. मशीनचा गेन (संवेदनशीलता) वाढवला तर बॅकग्राउंडही त्याच्याबरोबर वाढतं. २०१२ मध्ये सुपरफोल्डर जीएफपीवाली प्लास्मिडं आली आणि त्यांनी हा त्रास खरंच कमी केला, मी तीही वापरली, सिग्नल वाढला. तरी माझ्या टार्गेटसाठी वजाबाकीवरचं अवलंबित्व गेलं नाही ते नाहीच.

लॅकझेडवर गेल्यावर ज्या गोष्टीने सुटल्यासारखं वाटलं ती अगदी साधी आहे, एन्झाइमचं काम मोजायच्या मिलरच्या सूत्रात वेळ भाजकात असते. फ्यूजन कमजोर आहे? ओएनपीजी (हे एन्झाइम तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) घालून जास्त वेळ थांबा, पिवळं होईपर्यंत, मग सोडियम कार्बोनेट घालून थांबवा आणि मिनिटांनी भागा. जोरदार फ्यूजन पाच मिनिटांत थांबवा, कमजोर तासाभराने, आकडे एकाच मापात येतात. त्यात या स्ट्रेनमध्ये लॅकझेडची एकच प्रत आहे आणि ती तुमच्या फ्यूजनच्याच ताब्यात, म्हणून अरॅबिनोज न घातलेल्या नळीत जवळपास काहीच येत नाही. माझं दिवसागणिक हलणारं रिप्रेशन इथे साधारण दुप्पट-अडीचपट असं एका जागी स्थिरावलं, आणि ते फार मोठं नसलं तरी रोज तेच येत होतं, हे मला जास्त मोलाचं वाटलं.

त्रास इथेही आहे. प्रत्येक फ्यूजनसाठी रिकॉम्बिनियरिंग करायचं, क्रोमोसोमवरच तुकड्याची अदलाबदल, म्हणजे ४२ अंशांवर लॅम्डा रेड (ही अदलाबदल करणारी फाजची प्रथिनं) चालू करा, पीसीआरचा तुकडा आत घाला, कॅट-सॅकबी (क्लोरॅम्फेनिकॉल सहन करू देणारं कॅट आणि सुक्रोजवर पेशी मारणारं सॅकबी) गेलेल्या पेशी सुक्रोजवर निवडा, मग क्लोरॅम्फेनिकॉलवर मरतात का बघा. सुक्रोजवर वाढलेल्या सगळ्याच कॉलनी खऱ्या नसतात, सॅकबी आपोआप बिघडलेल्याही त्यात असतात, आणि टार्गेटचं प्रत्येक म्युटेशन म्हणजे हे सगळं नव्याने. जीएफपीत जे चार दिवसांत होतं त्याला इथे मला दोन आठवडे लागले. पण हात बसला की एका वेळी चार-पाच फ्यूजन करता येतात, त्यामुळे सुरुवातीला वाटतं तेवढं ते पुढे अंगावर येत नाही.

आता निवड कशावर करायची. स्मॉल आरएनए साखरेशी संबंधित असेल तर पीबॅडपासून जरा जपून, कारण उदाहरणार्थ स्पॉट ४२ ग्लुकोज असताना वाढतो आणि ग्लुकोज दिलं की पीबॅड दबतो, म्हणजे जी अवस्था तपासायची तिथेच रिपोर्टर बंद. अशा वेळी जीएफपी घ्या किंवा लॅकझेडसमोर दुसरा प्रमोटर घाला. उलट एफएनआरएससारखा ऑक्सिजन नसताना चालू होणारा स्मॉल आरएनए त्याच्या नैसर्गिक अवस्थेत बघायचा असेल तर जीएफपी जवळपास बादच, त्याचा क्रोमोफोर तयार व्हायलाच ऑक्सिजन लागतो. जीन हातात आहे पण त्याला कोण रेग्युलेट करतंय माहीत नाही, असा उलटा प्रश्न असेल तरी माझा कल लॅकझेडकडेच, २००९ च्या त्या पेपरमध्ये नेमकं हेच केलंय, एकाच फ्यूजनमध्ये स्मॉल आरएनएच्या प्लास्मिडांची अख्खी लायब्ररी एकेक करून घालून बघितली आणि त्यातून डीपीआयए-डीपीआयबी या रेग्युलेटर जोडीसाठी रायबीसी हा स्मॉल आरएनए सापडला.

काही अडचणी दोन्हीकडे सारख्या आहेत, त्यांच्यावरून निवड करू नका. जीएफपी आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेज दोन्ही टिकाऊ प्रथिनं आहेत, आरवायएचबी हा स्मॉल आरएनए चालू झाल्यावर एसओडीबीचा एमआरएनए काही मिनिटांत जातो तसं काही यांच्यात दिसणार नाही, त्यासाठी नॉर्दर्नच (एमआरएनए थेट मोजणारा ब्लॉट) करा. फ्यूजनमध्ये कोडॉन किती घ्यायचे हाही तसाच प्रश्न. स्टार्टच्या आसपासचं पेअरिंग पहिल्या पाच कोडॉनपर्यंत असतं असं धरून लोक तुकडा तोडतात, पण साल्मोनेलात मिकसी हा स्मॉल आरएनए ओएमपीडीच्या २३ ते २६ या कोडॉनवर बसतो, म्हणून पेअरिंग कुठे आहे ते बघून त्याच्या बरंच पुढपर्यंत घ्या, नाहीतर जागाच तुकड्याबाहेर राहील आणि तुम्ही रिपोर्टरला दोष देत बसाल.

पोरिन किंवा तसंच भरपूर बनणारं टार्गेट असेल आणि महिन्याभरात म्युटेशनसकट सगळं दाखवायचं असेल तर जीएफपी घ्या, त्यात चूक काहीच नाही. रेग्युलेटर असेल, सीएसजीडीसारखा किंवा माझ्या टार्गेटसारखा, तर मी तरी थेट रिकॉम्बिनियरिंगला लागेन. आणि ठरत नसेल तर तुमच्या टार्गेटचं एकच साधं जीएफपी फ्यूजन करा, स्मॉल आरएनए न घालता, आणि तुमच्याच मीडियममध्ये रिकाम्या प्लास्मिडच्या शेजारी ठेवून वाचा. दोन आकडे जवळजवळ दिसले तर तिथेच थांबा, पुढची प्लास्मिडं बनवू नका.