सात रोलनंतर: एक्टाक्रोम ई१०० आणि जुनी प्रवासी विमानं

गेल्या दोन वर्षांत कोडॅक एक्टाक्रोम ई१०० या स्लाइड फिल्मचे (धुतल्यावर हिच्यावरच पारदर्शक रंगीत चित्र मिळतं) सात रोल मी फक्त जुन्या प्रवासी विमानांवर खर्च केले. छत्तीसचा रोल, म्हणजे एकूण दोनशे बावन्न फोटो. डिजिटलवर तेवढे एका दुपारी होतात. त्यातले एकेचाळीस जपून ठेवण्याजोगे निघाले आणि त्या एकेचाळिसांसाठी मी हे लिहायला बसले आहे. माणसं, डोंगर, फुलं यांच्यावर ही फिल्म कशी चालते ते मला विचारू नका, मी तिच्यावर विमानांखेरीज काहीच टिपलेलं नाही.

तुलना कोडाक्रोमशी, कोडॅकच्याच जुन्या स्लाइड फिल्मशी, होणारच. माझ्या मामाने आयुष्यभर विमानतळांच्या कुंपणाशी उभं राहून स्लाइड्स काढल्या आणि त्यांचा पत्र्याचा डबा दोन वर्षांपूर्वी माझ्या हाती दिला. पुठ्ठ्याच्या प्रत्येक चौकटीवर लॅबने फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं आहे, खाली मामाच्या बारीक अक्षरात विमानाचा नोंदणी क्रमांक. त्यातल्या एका स्लाइडवर बोइंग ७०७ चार काळेकुट्ट पट्टे मागे सोडत वर चढतंय. सुरुवातीच्या ७०७ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंजिनात पाणी फवारत. त्याने जोर वाढे, पण धूरही तसाच निघे. तो धूर, त्याच्यामागचं निळं आकाश, शेपटीवरचा लाल रंग, सगळं अजून ताजं आहे. अंधारात नीट ठेवलेली कोडाक्रोम अशी टिकते. त्याच डब्यातल्या इतर काही फिल्मवरच्या स्लाइड्स मात्र लालसर पडल्यात, त्यांत निळं आकाश उरलेलंच नाही.

कोडाक्रोम १९३५ साली आली. डग्लस डीसी-३ या दोन पंख्यांच्या प्रवासी विमानाचं पहिलं उड्डाणही त्याच वर्षीचं, १७ डिसेंबरचं. डीसी-३ आजही कुठे कुठे उडताना दिसतं, कोडाक्रोम मात्र संपली. २००९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि २०१० च्या अखेरीस कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबने ती धुणंही बंद केलं. तिची रंगद्रव्यं फिल्ममध्ये नसायची, ती धुताना घातली जायची. त्यामुळे आज एखादा जुना रोल हाती लागला तरी त्यातून रंग काढणं जवळजवळ अशक्य आहे. एक्टाक्रोमही २०१२ मध्ये बंद झाली होती, पण २०१८ मध्ये ती परत आली. या छंदात गेलेलं परत येण्याची आम्हाला सवय नाही. कॉमेट हे सुरुवातीचं जेट प्रवासी विमान पुन्हा उडणार नाही, तीन शेपट्यांचं कॉन्स्टेलेशन विमान पुन्हा कोणी बांधणार नाही. म्हणून पहिला रोल कॅमेऱ्यात भरताना माझे हात थोडे थरथरत होते.

आता फिल्मबद्दल. लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) दोन स्लाइड्स शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो. कोडाक्रोमचा लाल जड आणि उबदार, सावल्या खोल. ई१०० चे रंग स्वच्छ आणि तटस्थ, दाणा फारच बारीक. भिंगातून पाहिलं तर पंखाच्या पत्र्यावरचे रिव्हेट मोजता येतात. पांढरं विमान तिच्यावर खरंच पांढरं दिसतं, पिवळट नाही.

पण मला ती आवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. ती मंद, म्हणजे जास्त उजेड मागणारी, फिल्म आहे आणि पंख्याच्या विमानाला मंद फिल्मच मानवते. डीसी-३ वर बहुतेक ठिकाणी दिसणारं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३०. उड्डाणाच्या वेळी ते मिनिटाला २७०० फेरे घेतं, पण मधल्या गिअरमुळे पंखा फिरतो साधारण १५२० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला पंचवीस. शटर १/५०० ला ठेवलं तर तेवढ्या वेळात पातं जेमतेम अठरा अंश सरकतं आणि फोटोत इंजिन बंद पडल्यासारखं दिसतं. १/१२५ ला ते बहात्तर अंश फिरतं आणि पंख्याची झिरझिरीत चकती उमटते. लख्ख उन्हात आयएसओ १०० च्या (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचं माप) फिल्मला भिंगाचं तोंड f/१६ आणि शटर १/१२५ हे नेहमीचं माप. म्हणजे फिल्म स्वतःहूनच तुम्हाला योग्य शटरवर आणून उभं करते. डिजिटलवरही आयएसओ १०० ठेवता येतं, मान्य आहे. पण तिथे माझं बोट शटर वाढवण्याकडे आपोआप जातं, कारण धारदार फोटोचा मोह सुटत नाही. इथे मी त्याच मापावर राहते. विमानाबरोबर कॅमेरा एकसारखा फिरवत न्यायला शिकावंच लागतं. मला ते चौथ्या रोलपासून जमू लागलं.

मोजके छत्तीस फोटो हातात असले की माणूस नीट बघायला लागतो. तारकाकृती इंजिन (सिलिंडर गोलाकार मांडलेलं) उभं असताना तेल हळूहळू खालच्या सिलिंडरांत उतरून साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच इंजिन सुरू केलं तर आतला दांडा वाकू शकतो. म्हणून आधी प्रज्वलन बंद ठेवून पंखा सावकाश फिरवतात आणि कर्मचारी पाती मोजतो. हे कळल्यापासून मीही त्याच्याबरोबर पाती मोजते. मोजणी संपली की मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) चालू होतात, एक-दोन सिलिंडर खोकतात, आणि साचलेल्या तेलाचा निळसर पांढरा धूर पंखावरून मागे लोळत जातो. तो दोन-तीन सेकंदच असतो. त्याच्यासाठी मी प्रत्येक रोलमध्ये दोन फोटो राखून ठेवते. ई१०० वर त्या धुराचा निळा आणि आकाशाचा निळा वेगळे उमटतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन.

उघड्या ॲल्युमिनियमचं विमान ही तिची कठीण परीक्षा. कुठल्याही स्लाइड फिल्मला चूक सोसत नाही, अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) इकडेतिकडे झाला तरी दिसतो. चकाकत्या पत्र्यावर कॅमेऱ्यातला मीटर हमखास फसतो. मी हातातल्या मीटरने विमानावर पडणारा उजेड मोजते आणि अर्धा स्टॉप कमी देते. मग पत्रा जळत नाही. असं जमलं की विमानाच्या पाठीवर आकाश दिसतं आणि पोटावर जमीन: हिरवळीवर उभं असेल तर हिरवट, काँक्रीटवर असेल तर राखाडी. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावून काही उपयोग नाही. धातूवरची चकाकी त्याने जात नाही, खिडक्यांच्या ॲक्रिलिकमध्ये इंद्रधनुषी पट्टे मात्र उमटतात. माझे अकरा फोटो त्यापायी गेले.

संग्रहालयातल्या छपराखालच्या विमानांसाठी ती घेऊ नका. तिवईला परवानगी असेल तरच हिंमत करा, आणि दिव्यांचा रंग सांभाळा, कारण ही दिवसाच्या उजेडाची फिल्म आहे. ढगाळ संध्याकाळी उतरणारं जेट विमानही तिच्या आवाक्याबाहेरचं. धुण्यासाठी ई-६ (अशा स्लाइड फिल्म धुण्याची रासायनिक पद्धत) करणारी लॅब शोधावी लागते, तीही रोज रसायनं वापरणारी. एका लॅबने माझा तिसरा रोल हिरवट छटेत परत केला. त्यात व्हायकाउंट या जुन्या प्रवासी विमानाचे नऊ फोटो होते, ते पुन्हा मिळणारे नाहीत. आता मी महत्त्वाचा रोल आधी एक चाचणीचा रोल धुऊन घेतल्याशिवाय देत नाही. स्कॅनिंगला मात्र ती गुणी आहे. धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय कोडाक्रोमवर गोंधळते, ई१०० वर व्यवस्थित चालते.

मागच्या महिन्यात निवडक स्लाइड्स मामाला दाखवायला नेल्या. आता त्याला भिंग डोळ्याला अगदी टेकवावं लागतं. डीसी-३ जमीन सोडतानाची स्लाइड त्याने बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "शटर किती गं?"

"एकशे पंचवीस."

"हं," म्हणाला, आणि पुढच्या स्लाइडसाठी हात पुढे केला.