फूबारमध्ये एक्सक्लुझिव्ह की शेअर्ड?

फूबार२००० हा म्युझिक प्लेअर घेतला, फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या) फायली भरल्या, यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारी डबी) जोडला, की आउटपुटच्या यादीत तोच डॅक दोनदा दिसतो. एकदा साधा, एकदा नावापुढे ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहिलेला. यातला कोणता, यावर मी दोन महिने घालवले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

एक्सक्लुझिव्हवाल्यांचं म्हणणं कागदावर बिनतोड आहे. विंडोजचा मिक्सर बाजूला होतो आणि फाइल ज्या सॅम्पल रेटची (म्हणजे सेकंदाला आवाजाची जितकी मोजमापं), त्याच रेटने थेट डॅककडे जाते. शेअर्डमध्ये सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज आधी एकत्र होतात आणि विंडोजमध्ये ठरवून दिलेल्या एकाच रेटला आणले जातात. तो रेट पुष्कळदा ४८ किलोहर्ट्झ असतो, सीडी ४४.१ची. म्हणजे सीडीवरून काढलेलं प्रत्येक गाणं वाटेत नव्याने मोजलं जातं. (एक्सक्लुझिव्ह लावून फूबारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणि रीप्लेगेन, म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय, चालू ठेवणारेही मी पाहिलेत. त्यांचे बिट जसेच्या तसे कुठले राहणार?)

मीही आधी एक्सक्लुझिव्हच लावलं. काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६मध्ये बंद झालं, त्याआधी तिथून घेतलेल्या सीड्या मस्त वाजल्या. घोळ झाला तो बाबांच्या कॅसेटींचा. आकाशवाणीवरून त्यांनी टेप केलेलं गाणं मी ४८ किलोहर्ट्झला उतरवून ठेवलंय. यादीत सीडीनंतर कॅसेट आली की रेट बदलतो, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला माझा डॅक ‘टक्’ करतो आणि क्षणभर मुका होतो. तोवर फाइल सुरू झालेली. बाबा मुळातच रेकॉर्डचं बटण उशिरा दाबायचे, निवेदिकेचं बोलणं टेपवर नको म्हणून. त्यामुळे सुरुवातीला शांतता अशी नाहीच, एकदम गाणंच. त्यात मुखड्याचं पहिलं अक्षर डॅकच्या पोटात. एकदा ऐकलं की पुढची पाच मिनिटं तेच डोक्यात.

जाणकार म्हणतील, फूबारमध्येच रेट बदलून देणारा रिसॅम्पलर लावून सगळं ४४.१ करून घे. घेतलं. टक् थांबलं. पण शेअर्डमध्ये विंडोजचाच रेट ४४.१ केला तरी हेच होतं की! साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये डॅकच्या प्रॉपर्टीज उघडा, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये २४ बिट, ४४१०० हर्ट्झ निवडा, एन्हान्समेंट असतील त्या बंद करा. सीड्यांचा रेट बदलत नाही, कॅसेटींचा बदलतो, आणि त्यांच्या खरखरीत तो फरक शोधणाऱ्याला माझा नमस्कार. ठासून भरलेल्या नव्या गाण्यांत विंडोजचा लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारा भाग) शिखरांना हात लावू शकतो, हे मान्य. माझ्या संग्रहात ती वेळ क्वचितच.

कानाची परीक्षाही झाली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, मुलगी सेटिंग बदलत होती. दहापैकी सहा बरोबर आले, त्यातल्या एकाला खिडकीखालून विरार फास्ट जात होती. माटुंगा रोडला रुळांलगत राहणाऱ्याचे कान आहेत हे, तुमच्याकडे शांतता असेल तर निकाल वेगळा येऊही शकेल.

गाण्यासाठी वेगळा कॉम्प्युटर असेल, ९६ किलोहर्ट्झच्या फायली भरपूर असतील, तर एक्सक्लुझिव्ह जरूर लावा. पण एक्सक्लुझिव्हमध्ये गाणं चालू असेतो डॅक एकट्या फूबारचा, बाकी प्रोग्रॅम मुके. ज्या लॅपटॉपवर ऑफिसही चालतं, त्यावर मी तरी शेअर्डच ठेवीन.

शेवटची लोकल गेल्यावर कधीतरी मोह होतो. मग फक्त सीड्यांची यादी लावतो आणि हेडफोन चढवून एक्सक्लुझिव्ह करतो. सकाळी परत बदलायचं राहून जातं, गाणं चालूच असतं, आणि नऊच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे ओठ हलताना दिसतात.